वत्सगुल्माची यात्रा

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जऊळका हें लहानसें स्थानक लागतें. येथून वाशीम जवळच आहे. परंतु काशी-हरिद्वारच्या यात्रेचे बेत महिनोन्‌महिने करणाऱ्या आपल्यापैकीं किती जण हें घराजवळचें क्षेत्र पाहावयास जातात?

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवि होता. त्याचें ‘हरिविजय’ हें प्राकृत काव्य आज उपलब्ध नाहीं. राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरांत लावून दिला आहे. ज्या गांवाला असें लग्नघर होण्याचा मान मिळाला, त्याविषयीं आपण उदासीन असावें, हें शोभत नाहीं.

प्रथम बालाजीचें दर्शन घ्यावें. हें मंदिर साबाजी भोंसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधविलें. पुढें मध्यमेश्वर. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी ज्योतिषांतील मध्यरेषा याच स्थानावरून जाते, अशी समजूत आहे. वस्तुतः ती रेषा उज्जयिनीवरून मानीत, आणि नकाशा पाहतां वाशीम उज्जयिनीच्या सुमारें सव्वा अंश पूर्वेस पडतें. तरीही आपण पृथ्वीच्या मध्यावर आहों असें एखाद्या गांवास वाटावें, यांत पूर्ववैभवाचीच स्मृति नाहीं काय?

मात्र येथें वाकाटकांचा राजवाडा शोधूं जाल, तर निराशाच पदरीं येईल. त्यांचें ऐश्वर्य पाहावयाचें तर अजिंठ्यास जावें. तेथील १६ वें लेणें हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें कोरविलें. वाशिमाची साक्ष तांब्याची आहे. १९३९ सालीं येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला. राजानें आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहून तो दिला. भाषा कांहीं संस्कृत, कांहीं प्राकृत. मजकूर नांदीकट, म्हणजे नांदेडकडील, एका गांवाच्या दानाचा. या पत्र्यांमुळें वाकाटकांच्या या शाखेचा स्वतंत्र इतिहास स्पष्ट झाला, आणि अजिंठ्याच्या झिजलेल्या लेखांतील सर्वसेनाचें नांवही निश्चित वाचतां आलें.

हे पत्रे मोडीच्या भावानें तांबटाच्या भट्टींत गेले असते तर? कवीचें काव्य कोणीं जपलें नाहीं, म्हणून तें गेलें. हे पत्रे जपले गेले, म्हणून एक राजघराणें पुन्हां उभें राहिलें. यास्तव वाशिमाहून परत आल्यावर वाचकांनीं आणखी एक तीर्थ करावें: घरच्या माळ्यावरील आजोबांची जुनी पेटी, रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं, एकवार स्वतः उघडून पाहावी.