चहा ठेव, कुकर लाव, पाट मांड

क्रियापदांच्या गोष्टी : भाग ९

माझ्याकडे मराठी शिकायला येणाऱ्या एका बंगाली गृहस्थांनी परवा मला पेचात पकडलं. “शेगडी तीच, ओटा तोच. मग चहा ‘ठेवायचा’ आणि कुकर ‘लावायचा’, असं का?” मी म्हटलं, उलटं करून बघा. ‘कुकर ठेव’ म्हणालात तर घरातलं माणूस विचारेल, कुठे ठेवू, ओट्यावर की फडताळात? आणि ‘चहा लाव’ असं तर कोणी म्हणतच नाही. त्यांचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही.

मागच्या भागात ‘काढणे’ पाहिलं. वस्तू काढली की ती कुठेतरी जायला हवी, म्हणून आज ही दुसरी बाजू.

‘ठेवणे’ हे संस्कृत ‘स्थापय्’वरून, प्राकृतातून आलेलं. वस्तू हातातून सुटते, पण आपल्या हिशेबातून सुटत नाही. आपण परत येऊन ती उचलणार, हे त्यात धरलेलं असतं. बँकेतल्या पैशाला म्हणूनच ‘ठेव’ म्हणतात, आणि लग्नाकार्याची साडी ‘ठेवणीतली’ असते. ‘टाकणे’त ही परतीची ओढ नाही. मोबाइलवरची आजची बोली पाहा: मेसेज ‘टाकला’, पण स्टेटसला फोटो ‘ठेवला’. मेसेज गेला तो गेला. स्टेटस चोवीस तास राहायचं असतं, आणि कोणी कोणी बघितलं हे पाहायला आपणही परत परत जातो. हे कोणी शिकवलेलं नाही. विशीतली मुलंसुद्धा यात चुकत नाहीत.

माणसाला ‘ठेवलं’ की मात्र या क्रियापदात मालकी शिरते. गडी ठेवला, शिकवणीला मास्तर ठेवले, इथवर ठीक. पण बाईच्या बाबतीत ‘ठेवलेली’ हा शब्द शिवीच होऊन बसला. ठेवणाऱ्या पुरुषासाठी तसा शब्द भाषेने घडवला नाही, हेही नोंदवायला हवं.

‘लावणे’ची जात निराळी. ते ‘लागणे’चं करवून घेणारं रूप. दिवा लावला, उदबत्ती लावली, रोप लावलं, विरजण लावलं. आपण सुरुवात करून द्यायची, पुढचं काम वस्तू आपापलं करते. कुकर इथेच बसतो: झाकण, शिट्टी, आच एवढं जमवलं की तो आणि त्याच्या शिट्ट्या. चहाजवळ मात्र उभं राहावं लागतं, नाहीतर उतू जातो. आषाढात कोकणातली बाई दिवसभर चिखलात वाकून भात लावते आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा भातच लावते. दोन्हीकडे क्रियापद एकच, आणि दोन्हीकडे दाणा स्वतःच फुगायचा असतो. टिकली, मलम, कुलूप यांना हे लागू पडत नाही, तिथे नुसतं चिकटवणं किंवा जोडणं आहे. तेव्हा मी सांगतो तो नियम समजू नका, कल समजा.

‘मांडणे’ माझं सगळ्यांत आवडतं. मूळ ‘मण्ड्’ म्हणजे सजवणे. मंडपाचा ‘मांडव’ याच घरातला. एकटी वस्तू सहसा ठेवली जाते, मांडायला सोबत लागते. भिंतीला टेकवलेला पाट ‘ठेवलेला’ असतो. त्याच्यापुढे ताट, तांब्याभांडं आणि शेजारी रांगोळी आली की तोच पाट ‘मांडलेला’ होतो. पूजा मांडतात, सारीपाट मांडतात, पोरी भातुकली मांडतात. संसारही मांडतात, ठेवत नाहीत. ठेवलेली वस्तू हरवू शकते. मांडलेला डाव मोडतो.

एकच नाम घेऊन त्याला ही क्रियापदं जोडून पाहिली तर गंमत कळते. ‘नाव’ घ्या. बारशाला आत्या बाळाचं नाव ‘ठेवते’. अनेकवचन केलं की तीच आत्या सुनेला नावं ‘ठेवते’. लग्नानंतर कुणी माहेरचं नाव ‘लावते’. पोराचं शाळेत नाव ‘घालतात’. भांडण विकोपाला गेलं की एखाद्याचं नाव ‘टाकतात’, म्हणजे त्याचा उल्लेखसुद्धा नको. पाच व्यवहार आणि तीन अक्षरांचीही गरज नसलेलं एकच नाम. सगळा भार क्रियापदाने वाहिला.

‘ठेवणे’ दुसऱ्या क्रियापदाच्या मागे उभं राहतं तेव्हाही स्वभाव सोडत नाही. ‘पोळ्या करून ठेवल्यात’ म्हणजे पुढची सोय झाली. ‘हे काय करून ठेवलंस!’ म्हणजे आता हे निस्तरावं लागणार. सोय असो की घोटाळा, मागे काहीतरी शिल्लक राहतं. मोरो केशव दामले यांनी १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांची चर्चा केली आहे; जिज्ञासूंनी ती जरूर वाचावी. गोव्यात कोकणीत ठेवणे म्हणजे ‘दवरप’. शब्द वेगळा, पण तिथेही मुलाचं नाव ‘दवरतात’.

आता एक तक्रार. ‘हे विधान त्या काळाच्या संदर्भात ठेवून पाहिले पाहिजे’ असं वाक्य हल्ली अग्रलेखांतून आणि भाषणांतून सारखं भेटतं. विधान संदर्भात ‘ठेवलं’ म्हणजे काय केलं? बरणीत लोणचं ठेवतात तसं? विधानाच्या आधी काय झालं, ते कोण कोणाला म्हणालं, समोरच्याने काय उत्तर दिलं, हे सगळं शेजारी शेजारी आणायचं असेल, तर ते मांडणं आहे. शाळेतल्या प्रश्नपत्रिकेत ‘संदर्भासह स्पष्टीकरण करा’ असा प्रश्न असायचा. त्या ‘सह’मध्ये ही सोबत होती. ‘विधान संदर्भासह मांडा’ असं लिहिलं तर शब्दही वाचतात आणि अर्थही जागेवर येतो.

बंगाली गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग ‘डोकं लाव’ म्हणता, तेव्हा ते आपोआप चालायला लागतं का?” उत्तर देता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात ‘घालणे’: पाणी, मीठ, सदरा, साकडं आणि हुज्जत. तोवर घरात जितके ‘घाल’ कानावर पडतील, तितके टिपून ठेवा.