१५,००० स्फटिकीकरणे आणि १७ अणू

थुलियम हे मूलद्रव्य शुद्ध रूपात हाती यावे म्हणून रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स जेम्स यांनी सुमारे १५,००० वेळा स्फटिकीकरण केले. साल १९११, ठिकाण अमेरिकेतले न्यू हॅम्पशर. विरघळवायचे, स्फटिक पडू द्यायचे, वेगळे काढायचे, पुन्हा विरघळवायचे. रोज दहा वेळा, एकही सुट्टी न घेता केले, तरी चार वर्षे पुरणार नाहीत!

एवढा खटाटोप का? थुलियम धरून लँथेनमपासून ल्युटेशियमपर्यंतची ही १५ भावंडे, म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये, रासायनिक वागणुकीत जवळजवळ सारखी. आयनांवर बहुधा तीनच धन प्रभार. फरक आकाराचा, तोही शेजाऱ्याशेजाऱ्यांत सरासरी सव्वा पिकोमीटर. एका मिलिमीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोमीटर.

आयन विनिमयाने नेमके याच फरकाचे भांडवल केले. १९४०च्या दशकात आयोवातल्या एम्स इथे फ्रँक स्पेडिंग यांच्या गटाने ही वाट रुंद केली. उंच नळीत रेझिनचे बारीक मणी भरलेले असतात. मिश्रण ओतले की आयन मण्यांना चिकटतात. मग वरून ईडीटीए या रसायनाचे द्रावण सोडायचे. लहान आयनाला ते जरा जास्त घट्ट धरते आणि पुढे नेते. तो खालच्या मण्याला चिकटतो, पुन्हा सुटतो. एका खेपेत शेजाऱ्यावर दीडपट सरशी धरा. १० खेपांत ती ५८ पट होते, २० खेपांत ३,३०० पट आणि ४० खेपांत एक कोटी दहा लाख पट! नळीत अशा खेपा शेकड्यांनी होतात, कोणी हात न लावता.

निओडिमियम आणि प्रासिओडिमियम ही जोडी १८८५ पर्यंत एकच मूलद्रव्य समजली जात होती. नळीत ती डोळ्यांदेखत वेगळी होते: पुढे मण्यांवर आधीच चढवलेल्या तांब्याचा निळा पट्टा, मागे निओडिमियमचा जांभळट, त्याला खेटून प्रासिओडिमियमचा हिरवा. रसायनशास्त्रात यापेक्षा देखणे दृश्य मला माहीत नाही.

या पद्धतीचा खरा कस १९५५ साली बर्कलेत लागला. आवर्तसारणीत थुलियमच्या थेट खाली बसणारे १०१वे मूलद्रव्य शोधायचे होते. आइन्स्टाइनियमचे जेमतेम शंभर कोटी अणू, त्यांवर अल्फा कणांचा मारा. एका प्रयोगात नवा अणू मिळणार साधारण एक, आणि तोही अल्पायुषी. तो नळीतून कितव्या थेंबात उतरेल, हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या क्रमावरून आधीच ताडले होते. त्याच थेंबांत तो सापडला. सगळे प्रयोग मिळून अणू भरले १७, आणि तेवढ्यांवर मेंडेलेव्हियमचा शोध सिद्ध झाला.