विश्लेषण : अमेरिकेतील डोंगरकथांची मोहिनी १४० वर्षांनंतरही कायम का?

चार्ल्स डिकन्स यांची ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ ही एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील अनाथ मुलाची कथा. लेखिका बार्बरा किंगसॉल्व्हर यांनी ती आजच्या व्हर्जिनियातील डोंगराळ ली काउंटीत नेली. त्यातून आलेल्या ‘डीमन कॉपरहेड’ (२०२२) या कादंबरीला २०२३ मध्ये पुलित्झर पुरस्कार विभागून मिळाला. त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘विमेन्स प्राइझ’ही तिने पटकावले. अमेरिकेतील गरीब आणि कायम चेष्टेचा विषय ठरलेल्या या डोंगरपट्ट्याच्या कथा पिढ्यानपिढ्या का वाचल्या जातात, याचा हा आढावा.

अ‍ॅपलेशिया नेमके कोठे?

अमेरिकेच्या पूर्व भागातील अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेच्या आधाराने वसलेला हा प्रदेश. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी विकास आयोगाच्या व्याख्येनुसार तो न्यूयॉर्कच्या दक्षिण भागापासून मिसिसिपीच्या उत्तर भागापर्यंत १३ राज्यांत पसरला आहे. त्यांपैकी वेस्ट व्हर्जिनिया हे एकच राज्य पूर्णपणे या प्रदेशात मोडते. कादंबऱ्यांतील अ‍ॅपलेशिया मात्र बहुतेक वेळा पूर्व केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या दऱ्याखोऱ्यांतील असतो.

या कथांना वाचक कधी मिळाला?

यादवी युद्धानंतर अमेरिकेत कारखाने आणि शहरे झपाट्याने वाढली. शहरी वाचकाला मागे पडलेल्या जगाची ओढ वाटू लागली आणि मासिकांनी ती ओळखली. ‘चार्ल्स एग्बर्ट क्रॅडॉक’ या नावाने लिहिणाऱ्या लेखकाचा ‘इन द टेनेसी माउंटन्स’ हा कथासंग्रह १८८४ मध्ये गाजला. हा लेखक म्हणजे मेरी नोएल्स मर्फ्री ही टेनेसीतील सधन घरातील स्त्री असल्याचे वर्षभरातच उघड झाले. उन्हाळ्यात हवापालटासाठी डोंगरात जाऊन तिने हे जग पाहिले होते.

१८९९ मध्ये बेरिया कॉलेजचे अध्यक्ष विल्यम गुडेल फ्रॉस्ट यांनी एका लेखात डोंगरातील लोकांना ‘आपले समकालीन पूर्वज’ असे संबोधले. हेतू मदत मिळवण्याचा होता. पण ही माणसे काळाच्या मागे थांबलेली आहेत, हा समज त्यामुळे पक्का झाला.

या प्रतिमेचा फायदा कोणाला झाला?

काळ थांबलेला अजिबात नव्हता. त्याच दशकांत खाण आणि लाकूड कंपन्यांचे दलाल घरोघरी फिरत होते. केंटकीत जमीन शेतकऱ्याकडेच ठेवून तिच्याखालील खनिजाचे हक्क तेवढे विकत घेतले जात. भाव कधी कधी एकरी अवघा ५० सेंट. पुढे यंत्रांनी वरून डोंगर फोडून कोळसा काढणे सुरू झाले, तेव्हा याच जुन्या कागदांच्या आधारे मालकाची परवानगी न घेता शेते उखडली गेली. त्याला आळा घालणारी घटनादुरुस्ती केंटकीच्या मतदारांनी १९८८ मध्ये मंजूर केली.

जॉन फॉक्स (ज्युनियर) यांची ‘द ट्रेल ऑफ द लोनसम पाइन’ (१९०८) ही अतिशय खपलेली कादंबरी या संदर्भात पाहण्याजोगी आहे. तिचा नायक कोळशासाठी आलेला अभियंता, तर नायिका डोंगरातील मुलगी. तो तिला शिक्षणासाठी बाहेर पाठवतो. डोंगरातील लोकांना बाहेरच्यांनी सुधारायचे असते, हे एकदा मान्य झाले की त्यांच्या जमिनीचा व्यवहारही उपकारासारखा दिसू लागतो.

मग चित्र कोणी बदलले?

ज्यांनी हे जगणे आतून पाहिले, त्यांनी. अलाबामातून येऊन केंटकीच्या नॉट काउंटीत स्थायिक झालेले जेम्स स्टिल यांच्या ‘रिव्हर ऑफ अर्थ’मध्ये (१९४०) खाणकामगाराचे कुटुंब दिसते. वडिलांना खाणीमागून खाण फिरायचे असते, तर आईला एका जागी घर करून भाजीपाला पिकवायचा असतो. केंटकीतच जन्मलेल्या हॅरिएट आर्नो यांच्या ‘द डॉलमेकर’ची (१९५४) नायिका गर्टी स्वतःच्या शेतासाठी पैपै जमवते, पण नवरा युद्धकाळात डेट्रॉइटच्या कारखान्यात गेल्याने तिलाही मुलांसह तेथे जावे लागते. १९४० ते १९७० या काळात अ‍ॅपलेशियातून ३० लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. ही कादंबरी त्यांची कहाणी होती.

वेस्ट व्हर्जिनियातील खाणवस्तीत वाढलेल्या डेनिस जार्डिना यांनी ‘स्टॉर्मिंग हेवन’मध्ये (१९८७) खाणकामगारांचा संघर्ष मांडला. त्याला पार्श्वभूमी होती १९२१ च्या ब्लेअर माउंटन लढाईची. त्या वेळी सुमारे १० हजार सशस्त्र कामगार कंपन्यांविरोधात उभे राहिले होते.

आक्षेप कोणते?

जुना साचा सहज मोडत नाही. जेम्स डिकी यांच्या ‘डिलिव्हरन्स’ (१९७०) या कादंबरीवरील १९७२ च्या चित्रपटाने डोंगरातील माणूस म्हणजे हिंसक आणि अडाणी, ही प्रतिमा जगभर नेली. दुसरा आक्षेप असा, की हा प्रदेश केवळ गोऱ्यांचा असल्यासारखे लिहिले गेले. कवी फ्रँक एक्स वॉकर यांनी १९९१ मध्ये ‘अ‍ॅफ्रिलेशियन’ हा शब्द घडवला, तो येथील कृष्णवर्णीयांचे अस्तित्व ठसवण्यासाठीच.

आजचा वाचक त्यात काय शोधतो?

निसर्ग, बोलीचा गोडवा, लोकगीते हे आकर्षण आहेच. चार्ल्स फ्रेझियर यांच्या ‘कोल्ड माउंटन’मध्ये (१९९७) जखमी सैनिक युद्ध सोडून पायी घराकडे निघतो, तेव्हा डोंगर म्हणजेच घर असते. पण या कथा टिकल्या त्या केवळ रम्यतेवर नव्हेत. देशाने कोळसा, लाकूड, कारखान्यांना मजूर आणि युद्धांना सैनिक येथून घेतले. त्याची किंमत कोणी मोजली, हे त्यांत एका घराच्या पातळीवर दिसते.

‘डीमन कॉपरहेड’मध्येही तेच आहे. शाळेच्या फुटबॉल संघातील मुलाचा गुडघा दुखावतो, वेदनाशामक गोळ्या सुरू होतात आणि त्यांचे व्यसन जडते. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ‘ऑक्सिकॉन्टिन’ने सर्वप्रथम पोखरलेल्या भागांत हा प्रदेश होता. फॉक्सचा अभियंता डोंगरातल्या मुलीची भाषा सुधारू पाहत होता. किंगसॉल्व्हर यांचा डीमन मात्र आपली गोष्ट आपल्याच बोलीत, पहिल्या पानापासून स्वतः सांगतो. या कादंबरीच्या मानधनातून लेखिकेने ली काउंटीत व्यसनातून सावरणाऱ्या महिलांसाठी निवासही उभा केला आहे.