मराठी माध्यमाची दहावी आणि पहिली नोकरी: सीमाभागातले गैरसमज

भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद. कर्नाटकातल्या या तालुक्यांतल्या मराठी घरात दहावीचा निकाल लागला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आपलं पोरगं मराठी माध्यमाचं, त्याला इथं नोकरी कोण देणार?” या भीतीतला बराचसा भाग ऐकीव आहे, आणि तिच्यापायी हुशार मुलं अर्जच भरत नाहीत.

“३७१ (जे)चा फायदा फक्त कन्नड लोकांना.” हे खरं नाही. ९८व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या या कलमात निकष प्रदेशाचा आहे, मातृभाषेचा नाही. बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे कलमात ठरवलेल्या प्रदेशातच येतात. २०१३च्या आदेशानुसार इथल्या प्रादेशिक पदांपैकी क गटात ८० टक्के आणि ड गटात ८५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखीव आहेत. त्यासाठी सहायक आयुक्तांचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते आधीच काढून ठेवावं. मात्र केंद्र सरकारच्या आणि खासगी नोकऱ्यांना हे आरक्षण लागू नाही.

“मराठी माध्यम म्हणजे कर्नाटकची सरकारी नोकरी विसरा.” अडचण आहे, पण तिचं नाव कन्नडची सक्तीची परीक्षा. लोकसेवा आयोगाच्या भरतीत ती १५० गुणांची असते आणि ५० गुण मिळाले की पुरे.  म्हणून शाळेत कन्नडचा तास ‘पास होण्यापुरता’ धरणं मला फार महागातलं वाटतं. उदगीर-लातूरच्या बाजारात उठबस असलेल्या मुलाला मराठी येतेच. कन्नड लिहिता-वाचता आली तर त्याच्यासाठी दोन्ही राज्यं खुली होतात.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण टपाल खात्यातली ग्रामीण डाक सेवकाची भरती. किमान १८ वर्षं वय, दहावीत गणित आणि इंग्रजी उत्तीर्ण, सायकल चालवता येणं, संगणकाची तोंडओळख, आणि त्या भागाची भाषा दहावीपर्यंत शिकलेली असणं एवढ्या अटी. लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीच्या गुणांवर यादी लागते. कर्नाटकात भाषेची अट कन्नडची, महाराष्ट्रात मराठीची. दोन्ही भाषा शिकलेली औरादची मुलगी बीदर विभागात अर्ज करू शकते किंवा सीमेपलीकडच्या विभागातही. मात्र काम साधारण चार-पाच तासांचं असतं, शाखा डाकपालाचा भत्ता १२,००० रुपयांपासून सुरू होतो, आणि हे पद नियमित सरकारी नोकरीत मोडत नाही. तेव्हा ‘पोस्टात कायम झाला’ असं घरात समजू नये.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावापाशी. मार्क्स कार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणखी एका कागदावर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. “नंतर बघू” म्हणून चालत नाही. अर्जातलं नाव दहावीच्या मार्क्स कार्डाप्रमाणे हवं. मार्क्स कार्डातच चूक असेल तर मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे दुरुस्ती मागावी, आणि ते शाळा सोडण्याआधी केलेलं बरं.

“दहावी झाली, आता कुठंही कामाला लावा.” असंही नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. शाळा सांभाळून घरच्या कामात मदत करायला तेवढी मुभा आहे. १४ ते १८ वयात खाण, स्फोटकं आणि सिमेंटसारखे धोकादायक उद्योग वर्ज्य आहेत. शहाबाद-वाडी-सेडमच्या सिमेंट पट्ट्यात हे पालकांनी नीट लक्षात ठेवावं. दुकानात किंवा हॉटेलात काम केलं तरी विश्रांतीसकट दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ अजिबात नाही, आणि आठवड्याला एक सुट्टी. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवल्याची किंवा १४ ते १८ वयातल्या मुलाला धोकादायक उद्योगात लावल्याची शिक्षा मालकाला होते: सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

राहिला “साहेब ओळखीचे आहेत, पन्नास हजार दिले की काम होतं” म्हणणारा माणूस. ज्या यादीत गुणांनुसार नावं लागतात, तिथं त्याला करण्यासारखं काहीच नसतं. डाक सेवकाच्या अर्जाला शंभर रुपये शुल्क आहे, मुलींना तेही माफ.