दीड लाख सह्या!

दोस्तांनो, पुस्तक अजून लिहून संपलेलं नाही, छपाई तर दूरच, आणि तरीही ते खपाच्या यादीत चक्क पहिलं! विश्वास बसत नाही ना? पण २०११ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत असं घडलं. जॉन ग्रीन या लेखकानं आपल्या नव्या कादंबरीचं नाव इंटरनेटवर जाहीर केलं, ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’. शिवाय पहिल्या छपाईतल्या प्रत्येक प्रतीवर सही करीन, असं वचनही दिलं. झालं! वाचकांनी आगाऊ मागणीचा असा धडाका लावला, की ॲमेझॉनच्या यादीत पुस्तक पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं.

ही किमया झाली कशी? त्यासाठी २००७ सालात जाऊ या. जॉन आणि त्याचा धाकटा भाऊ हँक वेगवेगळ्या गावांत राहायचे. १ जानेवारीला दोघांनी ठरवलं, की वर्षभर एकमेकांना एक अक्षरही लिहायचं नाही. पत्र नाही, ई-मेल नाही. त्याऐवजी आळीपाळीनं यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचे. नियम मोडला की शिक्षा! जुलैत हॅरी पॉटरचं शेवटचं पुस्तक येणार होतं. त्याची वाट पाहता पाहता हँकनं एक गाणं रचलं. ते यूट्यूबच्या पहिल्या पानावर झळकलं आणि या भावांच्या गप्पा ऐकायला गर्दी जमू लागली.

गंमत म्हणजे, या गप्पांत ‘माझं पुस्तक घ्या हो’ असा धोशा नव्हता. आधी मैत्री झाली, पुस्तक मागाहून आलं. पुढे जॉननं प्रत्येक माध्यमाचा स्वभाव ओळखून त्याला वेगळं काम दिलं. यूट्यूबवर तो बोलायचा, नव्या पुस्तकातला भाग वाचून दाखवायचा. ट्विटरवर (आता त्याचं नाव ‘एक्स’) दोन ओळींची खबरबात. टम्बलरवर वाचकांच्या प्रश्नांना सविस्तर उत्तरं.

आणि सह्या? त्यानं खरंच दीड लाख सह्या केल्या! एका सहीला दहा सेकंद धरा आणि करा गणित. चारशे सोळा तासांहून जास्त! जानेवारी २०१२ मध्ये पुस्तक आलं. २०१४ मध्ये त्यावर इंग्रजी सिनेमा निघाला, २०२० मध्ये हिंदी ‘दिल बेचारा’.

मग काय, हातात फोन घेतला की झालो लेखक? छे! जॉनची पहिली कादंबरी २००५ ची, म्हणजे यूट्यूबवरच्या गप्पांच्या आधीची. तिला मानाचा प्रिंट्झ पुरस्कारही मिळाला होता. समाजमाध्यमांनी वाचकाला दारापर्यंत आणलं. आत खिळवून ठेवलं ते गोष्टीनं. शिवाय ही माध्यमं वेळ किती खातात, हे त्यालाही कळलं. २०१९ मध्ये तो ट्विटरसारख्या माध्यमांपासून वर्षभर लांब राहिला.

आणखी एक गोष्ट. ही सगळी भाड्याची घरं आहेत. मालक कधी दार लावील, सांगता येत नाही. गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झालं. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि कित्येकांचे लाखो चाहते एका रात्रीत नाहीसे झाले. ज्यांचं सगळं तिथंच होतं, त्यांची केवढी पंचाईत झाली असेल!

तुम्हीही कविता, गोष्टी लिहीत असालच. तर एवढं करा. मूळ लिखाण वहीत किंवा आपल्या कॉम्प्युटरवर जपून ठेवा. बहुतेक माध्यमांवर तेरा वर्षांखाली खातं उघडता येत नाही. त्यानंतरही आई-बाबांना सांगूनच उघडा आणि शाळेचं नाव, पत्ता, फोन नंबर तिथं लिहू नका. एकच मजकूर सगळीकडे चिकटवण्यापेक्षा कविता आवाजात वाचा, तिच्या दोन ओळी चित्रासोबत द्या, गोष्ट कशी सुचली ते वेगळं सांगा. कुणी मनापासून काही विचारलं, तर मोठ्यांना दाखवून उत्तर द्या. ‘लाइक’ दोनच आले म्हणून हिरमुसू नका. ती दोन माणसं तुमचं वाचून गेली आहेत!

आणि हो, रोज आधी पानभर लिहायचं, मगच फोन हातात घ्यायचा. कबूल?