मूत्राशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया : यश कशावर अवलंबून?

लघवीत एकदा रक्त दिसले. दुखले नाही, ताप आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी लघवी पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ झाली. अशा वेळी आपल्याकडे माणूस काय करतो? उन्हाळी लागली असेल म्हणून धन्या-जिऱ्याचे पाणी पितो, मुतखडा असेल म्हणून कुणी सांगितलेला काढा घेतो, आणि रक्त थांबले की काढ्याला गुण आला असे समजून कामाला लागतो. रक्त काढ्याने थांबलेले नसते. मूत्राशयातल्या गाठीतून येणारे रक्त आपले आपणच थांबते आणि काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, पुन्हा येते. न दुखता पडणारे रक्त हे मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या, कर्करोगाचे सर्वांत नेहमीचे पहिले लक्षण आहे. प्रत्येक वेळी तो कर्करोगच असतो असे मुळीच नाही. पण तपासल्यावाचून ते ठरत नाही.

श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या गोष्टींविषयी. एकाच वयाचे दोघे, एकच शस्त्रक्रिया. एक दहा वर्षांनीही शेतावर जातो आणि दुसऱ्याचा आजार वर्षा-दोन वर्षांत उलटतो. असे का होते? लोक म्हणतात, नशीब. त्यातला काही भाग खरोखर आपल्या हातातला नाही. परंतु बराच भाग रोगी टेबलावर निजण्याच्या आधीच ठरलेला असतो, आणि काही भाग तो घरी परतल्यावर ठरतो.

मूत्राशयाची कल्पना यावी म्हणून मातीच्या घराची भिंत डोळ्यांसमोर आणा. वर गिलावा, आत भिंतीचे खरे अंग. वाळवी गिलाव्यातच असेल तर तेवढा खरवडून काढता येतो. ती भिंतीच्या अंगात शिरली तर भिंतच उतरवावी लागते. मूत्राशयालाही आतून पातळ अस्तर असते आणि त्यामागे जाड स्नायू. रोग सापडतो तेव्हा दर चार रोग्यांपैकी सुमारे तिघांत तो स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. त्यांचे पोट फाडावे लागत नाही. लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात.

हे सोपे वाटते, पण एक मेख आहे. काढलेल्या तुकड्यांत स्नायूचा अंश आला नसेल, तर रोग किती खोल गेला आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही सांगता येत नाही. म्हणून धोक्याच्या प्रकारात दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून तीच जागा खरवडतात. रोग्याला वाटते, पहिले ऑपरेशन फसले किंवा डॉक्टर पैसे काढतो. तसे नसते. पहिल्या वेळी मागे राहिलेला रोग या दुसऱ्या खेपेला पुष्कळदा सापडतो. ज्यांनी ही खेप टाळली त्यांचे निदानच अर्धवट राहिले, असे मी म्हणेन.

शिवाय हा रोग पुन्हा उगवण्यात मोठा चिवट. अस्तरापुरता असला तरी निम्म्याहून अधिक लोकांत तो केव्हातरी परत येतो. त्यासाठी धोक्याच्या प्रकारात मूत्राशयात बीसीजी सोडतात. होय, क्षयाविरुद्ध मुलांच्या दंडावर टोचतात तीच बीसीजी. कॅनडातल्या अल्वारो मोरालेस या शल्यचिकित्सकाने १९७६ साली हा उपाय प्रसिद्ध केला आणि तो आजही चालू आहे. सहा आठवडे दर आठवड्याला एक मात्रा, आणि पुढे ठरावीक अंतराने आणखी. लघवीला जळजळ होते, कणकण येते, म्हणून माणसे मध्येच सोडून देतात. त्रास डॉक्टरांना सांगावा; न सांगता बंद करू नये.

आता रोग स्नायूत शिरला असेल तर. मग बहुधा सबंध मूत्राशय काढावे लागते. पुरुषांत त्याबरोबर प्रोस्टेट ग्रंथी, स्त्रियांत पुष्कळदा गर्भाशय, आणि दोघांतही जवळच्या लसिका ग्रंथी, ज्यांना आपण अवधाणाच्या गाठी म्हणतो त्या जातीच्या. काही निवडक रोग्यांत औषधे आणि किरणे देऊन मूत्राशय वाचवता येते, तेही विचारून घ्यावे.

या मोठ्या शस्त्रक्रियेचे फळ सर्वांत जास्त कशावर अवलंबून असते? रोग कुठवर पोचला यावर. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे १,०५४ रोग्यांचा हिशेब २००१ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर शंभरातले ६८ रोगमुक्त होते. पण ज्यांच्या लसिका ग्रंथींत रोग उतरला होता त्यांच्यात हा आकडा ३५ वर आला. लक्षात घ्या, दहा वर्षांनी पाहिले तेव्हाही हे आकडे जवळजवळ तेवढेच राहिले होते. म्हणजे हा रोग उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच उलटतो. आणि ग्रंथींत उतरलेल्यांपैकीही एक तृतीयांश माणसे तरली, हेही विसरू नये.

म्हणून वेळेला किंमत. स्नायूतला रोग कळल्यापासून बारा आठवड्यांहून अधिक काळ काही उपचार न होता गेला, तर निकाल वाईट लागतात असे आढळले आहे. पेरणी होऊ द्या, मुलीचे लग्न उरकू द्या, दिवाळी जाऊ द्या, असे म्हणता म्हणता बारा आठवडे केव्हा संपतात कळत नाही. मात्र एक भेद ध्यानात ठेवा. शस्त्रक्रियेच्या आधी सिसप्लॅटिन या औषधासह काही फेऱ्या देतात, त्यात अडीच-तीन महिने जातात. हा उशीर नव्हे; हा उपचारच आहे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आधी औषधे घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान ७७ महिने आणि थेट शस्त्रक्रिया झालेल्यांचे ४६ महिने भरले. हे औषध सोसायला मूत्रपिंडे धड हवीत. गाठीने लघवीची वाट अडवून ती आधीच बिघडली असतील तर हे औषध देता येत नाही. उशिराचे हे आणखी एक नुकसान.

स्त्रियांच्या बाबतीत तर उशीर ठरलेलाच. लघवीत रक्त दिसले की पाळीचे असेल, जंतुसंसर्ग असेल, असे घरचे म्हणतात आणि कधीकधी डॉक्टरही म्हणतात. औषधाच्या दोन-तीन पाळ्या होतात. बाई दुखणे अंगावर काढते. स्त्रियांत हा रोग पुरुषांपेक्षा कमी, पण सापडतो तो पुढच्या पायरीवर. पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसले तर ते कुठून येते हे पाहिलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट रोग्याच्या शरीराची. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात अशा शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांत शंभरातल्या ६४ जणांना काही ना काही उपद्रव झाला. बहुतेक किरकोळ, आतडी मंदावणे, जखमेत पू होणे, ताप, असे. परंतु जो आधीच अशक्त, रक्त कमी, अंगात प्रथिने कमी, त्याला ते जड जातात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचे आठवडे अंडी, दूध, डाळी, उसळी यांचे आहेत. कर्करोगाला उपाशी मारायचे म्हणून रोग्याला पेजेवर ठेवणारी घरे आहेत. त्यात रोग मरत नाही, माणूस मात्र खंगतो. विडी-सिगारेट तर सोडलीच पाहिजे. या रोगाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांचे मूळ धुरातच असते. निदान चार आठवडे आधी सोडली तर भुलीनंतर छातीचे विकार कमी होतात आणि जखम लवकर भरते.

तिसरी गोष्ट, शस्त्रक्रिया कुठे करावी. ज्या ठिकाणी ती वर्षातून पुष्कळ वेळा होते तिथले निकाल चांगले असतात. इंग्लंडने तर २००२ पासून असे रोगी ठरावीक मोठ्या केंद्रांकडेच पाठवण्याचे धोरण धरले. तेव्हा “तुमच्याकडे वर्षाला अशा किती होतात?” असे विचारण्यात अपमान कसला? यंत्रमानवाची मात्र फार भुरळ नको. २०१८ च्या एका तुलनेत यंत्रमानव आणि उघडी शस्त्रक्रिया, दोन्हींत दोन वर्षांनी रोग न वाढलेले लोक शंभरात सुमारे ७२ च होते. रक्त कमी जाते, एवढा फायदा आहे. तसेच, अधिक ग्रंथी खरवडून काढल्या म्हणजे अधिक आयुष्य, हा समजही २०२४ च्या पाहणीत टिकला नाही. उलट उपद्रव वाढले.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचार येतात. आपल्या उपचारातले काय त्यात बसते हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर रोग्याला लवकर उठवून चालवतात, लवकर तोंडाने खायला देतात. नातेवाईक घाबरतात, “टाके तुटतील” म्हणतात. तुटत नाहीत. निजून राहिल्यानेच पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात. आतडी लवकर हलावीत म्हणून च्युइंगम चघळायला देतात, त्याचे हसू करू नये. त्याने गुण येतो.

लघवीचे काय? आतड्याचा लहान तुकडा घेऊन त्यातून पोटावर वाट काढतात आणि तिथे पिशवी चिकटवतात. अमेरिकेतील युजीन ब्रिकर याने १९५० साली ही पद्धत रूढ केली. किंवा आतड्याचेच नवे मूत्राशय शिवतात. त्यात लघवीची जाणीव पूर्वीसारखी होत नाही, म्हणून घड्याळ लावून, रात्रीसुद्धा उठून ते रिकामे करावे लागते. कोणते घ्यावे हे मूत्रपिंडांवर, वयावर आणि रोग्याच्या चिकाटीवर ठरते. पोटावरच्या पिशवीला लोक फार घाबरतात. ती दिसेल, वास येईल, देवळात कसे जायचे, पंगतीला कसे बसायचे? या धास्तीने शस्त्रक्रियाच नाकारणारे असतात, आणि इथेच जीव जातो. नीट बसवलेली पिशवी सदऱ्याखाली दिसत नाही, वास येत नाही. आंघोळ करता येते, शाळेत शिकवता येते, शेतावर जाता येते. फार जड ओझे तेवढे उचलू नये, कारण त्या जागी अंतर्गळ उतरतो.

पुढे तपासण्या मात्र चुकवू नयेत. दुर्बिणीने गाठ काढलेल्यांना पहिली तपासणी तीन महिन्यांनी असते. मूत्राशय काढलेल्यांनी मूत्रपिंडांची तपासणी आणि छाती-पोटाची चित्रे वेळच्या वेळी काढावीत, आणि काही वर्षांनी रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व पाहावे. आतड्याचा तुकडा गेल्याने ते कमी पडू शकते. पिशवी एकतृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करावी, आणि रात्री तिला नळीने मोठी पिशवी जोडून निजावे, म्हणजे झोपमोड होत नाही.