अक्षरजुळणीची गोष्ट : अठरा नंबरची कडी

प्रबंध जवळपास पुरा झालेला असतो. पायथॉनच्या कोडचे दोन तुकडे रंगीत अक्षरांत टाकायचे तेवढे राहिलेले. कुणीतरी 'मिंटेड' हे पॅकेज सुचवतं, ते जोडलं जातं आणि प्रबंधाची पानं जुळवणारं लाटेक हटून बसतं : आधी 'शेल-एस्केप' देऊन चालवा, मग बघू. बहुतेकांची या शब्दाशी ओळख अशी ऐन घाईत होते.

भानगड अशी, की कोड रंगवणं मिंटेडला स्वतःला येत नाही. ते काम पिगमेंट्स नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो. लाटेक कोड एका फाइलमध्ये उतरवतं, पिगमेंट्सला हाक मारतं आणि त्याने रंगवून दिलेलं पानात घेतं. पानं जुळवता जुळवता मध्येच बाहेरचा कारागीर बोलवायचा, असा हा प्रकार.

ही हाक मारण्याची युक्ती मोठी मजेशीर आहे. लाटेक ज्यावर उभं आहे, त्या डोनाल्ड क्नूथ यांच्या मूळ टेकमध्ये फाइलींत लिहिण्यासाठी ० ते १५ असे सोळा मार्ग आहेत. 'राइट' या आज्ञेला त्याहून मोठा आकडा दिला, तर मजकूर फाइलमध्ये न जाता पडद्यावर आणि लॉगमध्ये उमटतो. पुढे टेकच्या वितरणांनी या बिनकामाच्या आकड्यांतला १८ उचलला आणि ठरवलं, की 'राइट १८' पुढचा मजकूर थेट संगणकाला आज्ञा म्हणून द्यायचा. या मुभेचंच नाव 'शेल-एस्केप'.

आज्ञा म्हणजे कुठलीही आज्ञा. 'आलेख काढून दे' चालतं, तसंच 'सगळं फोल्डर पुसून टाक' हेही चालतं. मित्राने पाठवलेल्या टेम्प्लेटच्या चारशेव्या ओळीत काय दडलंय, हे कोण बघत बसतो?

म्हणून टेक लाइव्ह या वितरणाने २०१० पासून मधला मार्ग धरला. 'शेल_एस्केप' ही सेटिंग मूळचीच 'पी'वर असते. म्हणजे यादीतल्या मोजक्या प्रोग्रॅमांनाच प्रवेश. बिबटेक, मेकइंडेक्स असे घरचेच लोक त्यात आहेत. मात्र एकदा ही यादीही फसली. चित्रं काढणारा मेटापोस्ट तिच्यात होता. त्याला 'अक्षरांसाठी अमुक प्रोग्रॅम वापर' असं सांगण्याची सोय आहे. त्या जागी टेकऐवजी बॅश या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव घातलं, की मेटापोस्टच्या आडून हवी ती आज्ञा चालवता येई. २०१६ मध्ये हे उघड झालं आणि मेटापोस्टचं नाव यादीतून गळलं.

पूर्ण मुभा खरंच लागली, तर ती एका फाइलपुरती, एका वेळेपुरती द्यावी. 'पीडीएफलाटेक' लिहून, फाइलच्या नावाआधी '-शेल-एस्केप' घालायचं. मराठी मजकुरासाठी झीलाटेक वापरणाऱ्यांनाही हाच शब्द चालतो. सेटिंग कायमची 'टी', म्हणजे पूर्ण खुली, करून ठेवणं हा शुद्ध आळस आहे. ओव्हरलीफ या ऑनलाइन सेवेवर ही मुभा आधीच असते, पण तिथे प्रत्येक दस्तऐवज स्वतंत्र बंदिस्त कप्प्यात चालतो. घरच्या लॅपटॉपवर तसा कप्पा नसतो.

आपल्याकडे काय चालू आहे, हे लॉग फाइलच्या पहिल्या काही ओळींत कळतं : 'रिस्ट्रिक्टेड राइट १८ एनेबल्ड' दिसलं, की यादीपुरतीच मुभा आहे. मिंटेडच्या २०२४ मधल्या तिसऱ्या आवृत्तीने पिगमेंट्सपर्यंत जाण्यासाठी 'लाटेकमिंटेड' हा वेगळा प्रोग्रॅम आणला आणि नव्या टेक लाइव्हने त्याला यादीत घेतलं. त्यामुळे मिंटेडसाठी अडला असाल, तर आधी टेक लाइव्ह अद्ययावत करा. कडी काढायचं नंतर पाहू.